सोलापुरात बर्फावरून चालताना

"मॅडम, कुठं ठेवायचा हा?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

मे महिन्यातलं सोलापूर. ओपीडी अजून सुरू व्हायची होती, तरी दाराच्या लोखंडी कडीला हात लावायची सोय नव्हती. अशा सकाळी आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या पायरीशी बर्फाच्या कारखान्याचा टेम्पो उभा होता आणि भुशात झाकलेल्या लाद्यांचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं.

"लग्नबिग्न आहे का?"

"तपासणी आहे."

"तपासणीला बर्फ?"

"त्यावरून चालायचंय," मी म्हटलं.

तो हसला नाही. डॉक्टर लोकांच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नाही, हे त्याला बहुधा आधीपासून ठाऊक असावं. खांद्यावर गोणपाट टाकून त्यानं पहिली लादी उचलली आणि मी सांगितलं तिथं, पॅरलल बारच्या मधोमध नेऊन ठेवली. ऑपरेशननंतर पेशंट ज्या दोन दांड्यांना धरून पहिली पावलं टाकतात, त्या दांड्यांच्या मध्ये. तिथं त्या दिवशी बर्फ चालायला शिकवणार होता.

हे कसं घडलं ते सांगायला हवं, नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही.

आमच्या कॉलेजला तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या फिजिओथेरपीची फेलोशिप सुरू करायची होती. म्हणजे ज्यांचं पदव्युत्तर शिक्षण झालं आहे, त्यांना आणखी एक वर्ष याच एका विषयात पक्कं करायचं. कल्पना उत्तम होती. ती कुणाची होती हे आता आठवत नाही, पण आमच्या प्राचार्यांची नव्हती एवढं नक्की. प्राचार्य डॉ. विश्वंभर कोठावळे यांनी कित्येक वर्षांत पेशंटला हात लावला नव्हता, आणि जेव्हा लावला तेव्हा समोर फोटोग्राफर होता. देह भरभक्कम, सफारी कडक इस्त्रीचा, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे पाहायची सवय. तिथं त्यांचाच फोटो लावलेला होता.

अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली. त्यात मी होते, कारण ज्येष्ठतेप्रमाणे मला वगळता येत नव्हतं. आणि प्रा. निरंजन उपासे होते, कारण ते परदेशात एका परिषदेला जाऊन आले होते. परिषद संपली, पण उपासे काही पूर्ण परत आले नाहीत. त्यांच्या प्रत्येक वाक्यात 'तिकडे' असायचं. तिकडे असं नसतं, तिकडे असं चालत नाही. तिकडून येताना त्यांनी कुठल्याशा थंड देशातल्या विद्यापीठाचा अख्खा अभ्यासक्रम आणला होता. वरचं नाव खोडून त्यांनी तो आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मी रात्रंदिवस बसून हा आराखडा केलाय."

मी तो घरी नेऊन वाचला. समितीतल्या बाकीच्यांनी तो वाचण्याचा गुन्हा केला नाही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "उपासे सर, यात आहे की फेलोनं पेशंटला बाथटबमध्ये उतरायला आणि त्यातून बाहेर यायला शिकवावं. सोलापुरात बाथटब कुणाकडे आहे?"

"हे जागतिक दर्जाचं आहे, मॅडम."

"पुढे आहे, कुत्र्याला दोरी लावून फिरवताना तोल कसा सांभाळावा."

"कुत्री आपल्याकडेही आहेत."

"आहेत. पण त्यांना कुणी फिरवत नाही, ती आपली आपण फिरतात. आणि हे पाहा, बर्फावरून सुरक्षित चालण्याचं प्रशिक्षण. प्रात्यक्षिकासह."

कोठावळे सरांनी काजूचं बिस्किट बशीत ठेवलं. "बिराजदार मॅडम, आपले फेलो उद्या जगात कुठेही जातील. आपण त्यांना फक्त सोलापूरसाठी तयार करायचं का?"

"सोलापूरसाठी तरी तयार करू या, सर," मी म्हटलं आणि माझा कागद पुढे सरकवला. "एक विषय घालायचाय. जमिनीवर बसणं आणि जमिनीवरून उठणं. पडलेल्या म्हाताऱ्या माणसानं एकट्यानं कसं उठायचं, ते शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण."

उपासे हसले. कोठावळे हसले नाहीत, त्यांनी ते काम भुवयांवर सोपवलं.

"मॅडम, ही फेलोशिप आहे. जमिनीवरून उठवायला वॉर्डात मावशी आहेत."

"पेशंटच्या घरी मावशी नसतात, सर."

"पुढचा मुद्दा," ते म्हणाले, आणि माझा कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला.

आता मी त्या कागदासाठी एवढी का अडून बसले होते, ते सांगते. कारणाचं नाव अंबूबाई येमूल. विडी वळणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भिवंडीला यंत्रमागावर, आणि ही इथं जुन्या वस्तीत एकटी. खुब्याचं हाड मोडलं म्हणून आमच्या हॉस्पिटलात आली. आत सळई घालून हाड जोडलं, ते छान जुळलं. आमच्या मुलांनी तिला वॉकर दिला, मग काठी दिली, व्हरांड्यात चालवलं, जिन्याच्या पायऱ्या चढवल्या आणि 'उत्तम प्रगती' लिहून घरी पाठवलं. ठरलेल्या पद्धतीत याहून जास्त काही नव्हतं. मी तेव्हा वॉर्डात कमी आणि समितीच्या गार खोलीत जास्त असायचे.

घरी जाऊन काही आठवड्यांनी ती स्वयंपाकघरात घसरली. हाडाला काही झालं नाही. पण तिला उठता येईना. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती फरशीवर पडून होती. शेवटी पानं न्यायला आलेल्या शेजारणीनं दार ढकललं.

त्यानंतर ती माझ्याकडे येऊ लागली. चालायची ठीक. पण जमिनीचं नाव काढलं की अंग ताठ.

"खाली नको ओ मॅडम. खाली गेलं की संपलं."

मी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, स्वतः चटईवर बसून-उठून दाखवलं. "तुमचं काय, तुम्ही तरण्या," ती म्हणायची, आणि माझी पन्नाशी जवळ आली होती. तहसीन नावाची माझी एक हुशार विद्यार्थिनी होती, पहिल्या तुकडीची फेलो व्हायची होती. तिनंही पुष्कळ विनवण्या केल्या. अंबूबाईचा एकच जबाब, खाली नको.

आणि विडीचं काम जमिनीवरचं. बाया भिंतीला पाठ लावून ओळीनं बसतात, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. अंबूबाई स्टुलावर बसू लागली. स्टुलावर मांडी होत नाही, सूप घसरतं. बाकीच्या खाली बोलायच्या, हसायच्या, आणि हिला वर धड ऐकू यायचं नाही. "पोलिसपाटलासारखी बसवलीय मला," ती म्हणायची. मुलानं फोनवर सांगितलं होतं, सुटीत येतो, खोली सोडून टाकू, तू भिवंडीला चल. तिथं माळ्यावरच्या एका खोलीत सहा माणसं होती. तिला जायचं नव्हतं. पण जी बाई पडली तर उठू शकत नाही, तिला एकटं राहू द्या असं मी तरी त्या मुलाला कुठल्या तोंडानं सांगणार होते? तो त्याच आठवड्यात यायचा होता.

आणि त्याच आठवड्यात आमची तपासणी लागली.

फेलोशिपला मान्यता द्यायला तिघं येणार होते. मुख्य होते डॉ. मांडके. त्यांनी आधीच कळवलं, एक प्रात्यक्षिक पाहू, काहीतरी वेगळं असेल तर बरं. उपाशांनी लगेच बर्फ सुचवला. अभ्यासक्रमात एवढं वेगळं दुसरं काहीच नव्हतं हेही खरंच. कोठावळे सरांना तर तो इतका आवडला की पेशंटही त्यांनीच निवडला.

"ती विडीवाली बाई घ्या. खुब्याचं ऑपरेशन, वय, सगळं जुळतंय. फोटो चांगला येईल."

"माझी पेशंट बर्फावर चालणार नाही," मी म्हटलं.

"तिला बोलावणं गेलंय, मॅडम."

"येऊ दे. बसेल बाकावर. बर्फावर पाय ठेवणार नाही."

त्यांनी माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. "तुमच्या या आडमुठेपणाची नोंद होईल."

"माझ्या नावाचं स्पेलिंग नीट लिहा," मी म्हटलं. तसं बोलायला नको होतं, पण बोलले, आणि बरं वाटलं.

तर त्या दिवशी अकराच्या सुमारास तिघं आले. गळ्यात हार पडले, चादरींची पाकिटं आधीच त्यांच्या गाडीत पोचली होती. सगळे विभागात आले. पॅरलल बारच्या मध्ये चार लाद्या ओळीनं मांडलेल्या, त्यांच्यातून वाफ निघत होती आणि पंख्याच्या वाऱ्यानं ती सगळ्यांच्या पायांशी फिरत होती. खाली पाणी साचत होतं. ते पुसायला ठेवलेली मावशी तपासणीच्या गोंधळात चहाकडे पळवली गेली होती. भिंतीशी बाकावर अंबूबाई काठी धरून बसली होती. तिच्या शेजारी तहसीन.

"वा," डॉ. मांडके म्हणाले. "हे कुठे पाहिलं नव्हतं."

"तिकडे हे अगदी मूलभूत मानतात," उपासे म्हणाले.

"पेशंट कुठाय?"

कोठावळे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाकाला खेटून उभी होते. हलले नाही. बर्फाचा बारीक तडकल्याचा आवाज आला.

"पेशंटची आज तब्येत बरी नाही," कोठावळे म्हणाले.

"मी ठणठणीत हाय की," अंबूबाई म्हणाली.

"मीच दाखवतो," कोठावळे घाईनं म्हणाले, आणि त्यांनी बूट काढले नाहीत.

त्यानंतर जे दिसलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. बर्फावर पेंग्विनसारखं चालायचं असतं, पाय बाहेर वळवून, छोटी पावलं टाकत, हात बाजूला. आमचे प्राचार्य सफारीत, गळ्यात पाहुण्यांबरोबर घालून घेतलेला झेंडूचा हार, दोन्ही दांड्या गच्च पकडून, टाचा जुळवून चवड्यांनी दोन दिशांना पाहत निघाले. प्रत्येक पावलाला हार डावी-उजवीकडे हलायचा. उपासे टाळीच्या तयारीत. फोटोग्राफर खाली वाकलेला. चारही लाद्या त्यांनी पार केल्या. खरंच केल्या, खोटं बोलणार नाही.

शेवटच्या लादीवरून उतरले, दांड्या सोडल्या, दोन्ही हात वर केले, आणि ओल्या फरशीवर पाय सटकून जे बसले ते बसलेच. बर्फानं काही केलं नाही. आमच्याच फरशीनं दगा दिला, जशी ती घरोघरी देते.

सगळे धावले. दोघांनी काखेत हात घातले, एकानं पट्टा धरला, उपासे हात ओढू लागले. कोठावळे अर्धवट वर आले आणि पुन्हा खाली गेले. ओरडले.

"सोडा," मी म्हटलं. "सगळे बाजूला व्हा. खांदा निखळेल त्यांचा."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. डोकं आपटलं का विचारलं, कंबर, खुबे, मनगटं तपासली, पाय हलवायला लावले. काहीही झालं नव्हतं. लागलं होतं ते फक्त अभिमानाला, आणि त्याला आमच्याकडे उपचार नाही.

"उठवा मला," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही आपले आपण उठणार आहात, सर."

"मला नाही येत. गुडघे आहेत माझे. वीस वर्षांत खाली बसलो नाही मी."

"म्हणूनच शिकावं लागतं."

"बिराजदार, ही वेळ आहे का?"

"मला तरी हीच दिसतेय," मी म्हटलं आणि मान वर करून डॉ. मांडक्यांकडे पाहिलं. "सर, पडलेल्या माणसाला जमिनीवरून उठायला शिकवणं हा विषय मी या अभ्यासक्रमात सुचवला होता. तो मावशींचं काम म्हणून काढला. इथं तुमच्यासकट अकरा तज्ज्ञ उभे आहेत. कुणाला येत असेल तर पुढे या, मी बाजूला होते."

कुणी आलं नाही. डॉ. मांडके चष्मा पुसू लागले. उपासे बर्फाकडे असे पाहत होते की जणू तो आत्ताच कुणीतरी आणून टाकलाय.

"घाला हो तो विषय," डॉ. मांडके म्हणाले. "एवढं काय त्यात."

"प्राचार्य सांगतील," मी म्हटलं.

कोठावळे सरांच्या सफारीत आता पाणी चांगलंच मुरलं होतं. "घ्या," ते म्हणाले. "घ्या घालून. आता सांगा काय करायचं."

"कुशीवर वळा. हातावर जोर द्या. आता दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे टेकवा."

"मी रांगणार नाही."

"मग कारखान्याचा टेम्पो अजून बाहेर आहे. लादीसारखं उचलून नेतील."

ते वळले. हार फरशीवर लोळत होता. तहसीननं एक भक्कम खुर्ची आणून भिंतीला टेकवून ठेवली. आणि विभागात, तपासणी समितीसमोर, प्राचार्य डॉ. विश्वंभर कोठावळे त्या खुर्चीच्या दिशेनं रांगत निघाले. मी माझ्या नोकरीत खूप कमी गोष्टी मनापासून उपभोगल्या. ही त्यातली एक.

"सायेब, हात खुर्चीवर ठेवा की," मागून आवाज आला. अंबूबाई बाकावर पुढे सरकली होती. "आता पाय घ्या एक पुढं. चांगला कुठला तुमचा?"

"उजवा," प्राचार्य म्हणाले.

"मग त्योच घ्या."

हे सगळं तिला मीच सांगितलेलं होतं, शंभरदा. तेव्हा तिनं ऐकल्याचंही दाखवलं नव्हतं.

उजवं पाऊल टेकलं, हातांनी जोर दिला, एक लांब कण्हणं आलं, आणि तो एवढा मोठा देह वर उठला, वळला आणि खुर्चीत बसला. उपाशांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी वाजवल्या नाहीत, म्हणून मग त्यांनी हात खिशात घातले.

मान्यता मिळाली. अभ्यासक्रम छापून आला तेव्हा त्यात माझा विषय होता, वर बोजड इंग्रजी नाव देऊन, आणि संकल्पना म्हणून खाली प्राचार्यांचं नाव. बर्फही होता. तो कसा काढणार, त्याचा फोटो मुखपृष्ठावर होता. मी ते कॉलेज पुढे सोडलं. गेल्या वर्षी लातूरकडच्या एका कॉलेजचा अभ्यासक्रम कुणीतरी मला मत द्यायला पाठवला. सुरुवातीलाच कळलं की आमचाच उचललाय. बाथटब, कुत्रा, बर्फ, सगळं जसंच्या तसं. मी मत दिलं नाही. लातूरला टँकरनं पाणी येतं, तिथं बर्फाबद्दल मत काय द्यायचं?

अंबूबाई भिवंडीला गेली नाही. मुलगा आला तेव्हा ती बायांच्या ओळीत खाली बसली होती, मांडीवर सूप घेऊन. त्याला पाहून उठली, चहा टाकला. चार दिवस राहून तो एकटाच परत गेला.

पण मला जे सांगायचंय ते त्या तपासणीच्याच दुपारचं आहे. सगळे जेवायला गेले. विभागात मी, तहसीन आणि अंबूबाई. मावशी एकदाची फरशी पुसून गेली होती आणि उरलेला बर्फ घमेल्यात कोपऱ्यात ठेवला होता.

"मॅडम," अंबूबाई म्हणाली, "त्यो एवढा जाडा बाप्या उठला की ओ."

"उठला."

"मग मी का नाही उठनार?"

तहसीन माझ्याकडे पाहू लागली. मी कोरड्या जागी चटई टाकली आणि खुर्ची भिंतीला लावली. अंबूबाईनं काठी बाकाला टेकवली, खुर्चीवर हात ठेवले, ऑपरेशनच्या बाजूचा गुडघा हळूच टेकवला, मग दुसरा. हातावर आली, कुशीवर झाली, बसली. बसल्यावर तिनं दोन्ही तळव्यांनी चटई चाचपली, ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. मग वळली, रांगली, चांगला पाय पुढे घेतला आणि उठली. मी हात पुढे धरून ठेवले होते, ते लागले नाहीत.

खुर्चीत बसून तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढंच हुतं?"

"एवढंच."

"मग ऑपरेशन झालं तवा हितंच होते की मी. रोज चालवत होती पोरं. तवा का नाही शिकवलं हे? दिवसभर पडून होते मी, मॅडम. पाणी पण दिसत होतं मला माठातलं."

तहसीननं मान खाली घातली. माझ्याकडे सांगायला पुष्कळ होतं. ठरलेली पद्धत, प्राचार्य, उपासे, उलटा करून ठेवलेला कागद. त्यातलं एकही तिच्यासमोर उच्चारण्याच्या लायकीचं नव्हतं.

"तेव्हा आमची मीटिंग चालू होती," मी म्हटलं.

"कशाची?"

मी कोपऱ्यातल्या घमेल्याकडे बोट दाखवलं.

अंबूबाईनं तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं, आणि पुन्हा एकदा खाली बसण्यासाठी खुर्चीच्या कडेला हात घातला.